देवापुढची पाच सफरचंदं

एलियट साहेबांची पाच सफरचंदं धनंजयच्या फ्रिजमध्ये आली आणि त्याची झोप उडाली. आखातातल्या खलिफा सिटीत साहेबांच्या व्हिलातला फ्रिज बंद पडला होता. त्यांच्या आईने ही फळं इंग्लंडहून बॅगेतून आणली होती. जात जुनी, शिजवूनच खायची; शंभर वर्षांच्या झाडाला यंदा एवढीच लागली होती. शनिवारी संध्याकाळी साहेब ती न्यायला येणार होते आणि धनंजयची बढती साहेबांच्याच हातात होती. त्यामुळे फळांना कुणी हात लावायचा नाही, असं त्याने घरात बजावलं.

सांगलीहून आलेल्या त्याच्या आई, तानुबाई, मात्र ती हिरवीगार, वेडीवाकडी, दोन्ही हातांत न मावणारी फळं बघून थक्क झाल्या होत्या. शंभर वर्षांचं झाड म्हणजे काय थट्टा आहे? रोज फ्रिज उघडून त्या दर्शन घेत. अशी वस्तू देवाच्या आधी माणसांनी खावी, हे काही त्यांना पटेना.

शनिवारी घरी सत्यनारायण होता. कथा तिसऱ्या अध्यायात आली आणि सोवळं नेसून बसलेल्या धनंजयचं लक्ष चौरंगाकडे गेलं. साहेबांची पाचही सफरचंदं हळदकुंकू लावून बसली होती. त्याला घाम फुटला, पण पूजेवरून उठणार कसा? त्याने शेजारी बसलेल्या बायकोला, सुरुचीला, कोपर मारलं. डुलकी पकडली गेली असं वाटून ती ताठ बसली.

आरती ओसरेपर्यंत तानुबाईंनी फोडी करून वाटल्यासुद्धा.

पहिल्याच घासाला तीस माणसांची तोंडं वाकडी झाली. दात आंबले, कानांतून वाफा निघाल्या. पण प्रसाद थुंकणार कोण? शेजारच्या रोशनच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"फारच जागृत आहे हो," तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात साहेब आईला घेऊन आले. धनंजयने दारातच सगळं कबूल केलं. साहेब लालबुंद झाले, पण त्यांच्या आई पाहुण्यांच्या चघळणाऱ्या तोंडांकडे बघत राहिल्या. कच्चंच खाल्लं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या गावात त्यावर पैजा लागत, आणि अख्खी फोड कुणालाच गिळता आली नव्हती. इथे सगळ्यांनी ती गिळून वर नमस्कार केला होता.

"काय म्हणतात त्या?" तानुबाईंनी विचारलं.

"अशी माणसं जन्मात पाहिली नाहीत म्हणतात," धनंजयने सांगितलं.

"फळच तसं आहे, सांग त्यांना."

इंग्रज बाईंचे डोळे भरून आले. आपल्या झाडाचा एवढा मान कधी झाला नव्हता, त्या म्हणाल्या. आईला इतकी खूश बघून साहेबांनी धनंजयचा हात हातात घेतला आणि बढतीचं सोमवारी बघू म्हणाले. मग बाईंनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी झाडाची सगळी फळं याच देवाला, पेट्या भरून.

धनंजयने ते मराठीत सांगितलं. तीसही माणसं चौरंगाकडे वळली आणि त्यांनी कळकळीने हात जोडले.