दामलेकाकांची स्थळं

दामलेकाकांकडून सापाचं पिल्लू मिळवण्यापेक्षा त्यांची मुलगी मागणं सोपं गेलं असतं. पण त्यांना मूलबाळ नव्हतं.

२००६च्या सुमारास मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला त्यांच्या शेजारी राहायला गेलो. काका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आणि घरी कॉर्न स्नेक नावाच्या बिनविषारी सापांची पैदास करायचे. ‘पैदास’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘‘संसार मांडून देतो,’’ म्हणायचे. चौकोनी वहीत प्रत्येक सापाची चार पिढ्यांची वंशावळ होती. आते-मामे भावंडांची जोडी त्यांनी कधी जमवली नाही.

मी एकदा म्हटलं, ‘‘काका, आमच्यात मामाची मुलगी चालते.’’

‘‘तुमच्यात चालू दे. माझ्या घरात नाही.’’

पिल्लू मागायला आलेल्या एका दंतवैद्याला त्यांनी तासभर समोर बसवलं. वीस वर्षं सांभाळणार का, सुट्टीवर गेलात तर कोण बघणार, बायकोला विचारलंत का? तो बिचारा ‘‘गेनाऊ, गेनाऊ’’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत राहिला. तो गेल्यावर काका म्हणाले, ‘‘सगळ्याला हो म्हणणारं स्थळ नको.’’

ज्या अंड्याला घर ठरलेलं नाही, त्याला जन्म नाही. घातल्या दिवशीच ते फ्रीजरमध्ये. ‘‘जन्माला घालायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हे पाप आपण नाही करायचं.’’ या माणसाचं काळीज दगडाचं आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

एका वर्षी जानेवारीत काकू गेल्या. जूनमध्ये मादीनं चौदा अंडी घातली. अकरांना घरं होती. त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. उरलेली तीन अंडी एका डबीत ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते.

‘‘तू ठेवतोस का रे? दरवर्षी ही ठेवायची. मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो.’’

फ्रीजर बुटाच्या खोक्याएवढा. अर्ध्यात सापांसाठी गोठवलेले उंदीर, मध्ये काकूंनी लावलेला पुठ्ठा, आणि पलीकडे एक डबा. झाकणावर काकूंचं अक्षर : ‘कटाची आमटी. दोघांना पुरेल.’ पाच महिने काकांनी तो तसाच ठेवला होता. तो काढल्याशिवाय डबी मावत नव्हती.

‘‘काका, उद्या बघू.’’

‘‘उद्या नाही. उशीर केला तर आत जीव वाढायला लागतो.’’

डबा त्यांनीच काढला. मी अंडी ठेवली आणि दार लावलं. आमटी वितळेपर्यंत त्यांनी भात टाकला, दोन ताटं घेतली. पहिल्या घासालाच मला रडू आलं. काका मान खाली घालून जेवत होते.

‘‘अरे, जेव. सगळी संपवायची आहे. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नसतं.’’

मी भांडी घासायला उठलो. डबा त्यांनी दिला. झाकण दिलं नाही. शाई जाईल म्हणाले.