आपणास आऊट का देण्यात येऊ नये

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जिल्हास्तरीय शालेय बेसबॉल स्पर्धेतल्या मुलींच्या अंतिम सामन्यात पंच गुरुप्रसाद यांनी एका खेळाडूला आऊट दिलं. यात तसं वावगं काही नव्हतं. बेसबॉलमध्ये आऊट देतात. हे प्रकरण मार्चअखेरपर्यंत चालेल आणि त्यात एका वस्तादाला तज्ज्ञ म्हणून बोलवावं लागेल, असं त्या वेळी कुणालाच वाटलं नव्हतं. गुरुप्रसादला तर मुळीच नाही. तो हेल्मेट काढून पाणी पीत होता.

गुरुप्रसाद कोल्हापुरातल्या ज्ञानतरंग शिक्षण मंडळाच्या शाळेत सहा वर्षं कंत्राटी क्रीडाशिक्षक होता. बेसबॉलचे नियम आसपास त्याला एकट्यालाच येत, कारण चार दिवसांच्या पंच शिबिराला शाळेतून कुणालातरी पाठवणं भाग होतं आणि बाकी सगळ्या शिक्षकांच्या घरी नेमकी त्याच आठवड्यात लग्नं निघाली होती. पण शिकला तो मनापासून. रविवारी कागलच्या एमआयडीसीतल्या हौशी कामगारांचे सामने असायचे, तिथंही तोच पंच. तिथं आऊट दिलं की फाउंड्रीतला गडी छाताडावर येऊन विचारायचा, "पावणं, डोळं हायत का शर्टाची बटणं?" दोन मिनिटं पंचाच्या खानदानाचा उद्धार व्हायचा आणि मग तोच गडी त्याला चहा पाजायचा. निर्णय बदला, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. पंचगिरी म्हणजे एवढंच, असा गुरुप्रसादचा समज झाला होता.

अंतिम सामना हाच स्पर्धेचा पहिलाही सामना होता. कागदावर नऊ संघ होते, मैदानात दोन आले: यजमान ज्ञानतरंग आणि गडहिंग्लजची एक शाळा. प्रेक्षक मात्र सव्वातीनशे. पोहे होते आणि सत्कार होते. शेवटचा डाव, ज्ञानतरंगच्या दोघी आधीच आऊट, तिसरी गेली की खेळ खलास, आणि गडहिंग्लजची एक धाव जास्त. तिसऱ्या बेसवरून तेजस्वी नावाची दहावीतली मुलगी होम प्लेटकडे, म्हणजे जिथं पाय टेकला की धाव पुरी होते त्या पांढऱ्या पाटीकडे, सुटली आणि पायांवर घसरत आली. गडहिंग्लजची कॅचर प्रियदर्शनी चेंडू घेऊन वाटेत बसलेलीच होती. ग्लव्ह गुडघ्याला लागला. पाय प्लेटला अजून लागायचा होता. गुरुप्रसादनं मूठ वर केली.

तेजस्वी उठली, चड्डीची माती झाडली आणि म्हणाली, "लागला की सर. जरा लवकर सुटायला पायजे होतं."

प्रकरण इथंच संपलं असतं. पण तेजस्वीचे आजोबा विजयसिंह दादासाहेब हे मंडळाचे अध्यक्ष, आणि ते फेटा बांधून व्यासपीठावर बसले होते. त्यांच्या शेजारी मंडळाचे सचिव गणपतराव. गणपतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त कचेरीतून. त्यांनी माईक ओढून घेतला.

"सर, जरा हिकडं या. नोटीस कुठाय?"

"कसली नोटीस?"

"आऊट द्यायच्या आधीची. समोरच्याचं म्हणणं ऐकल्याबिगर कुणाला बाहेर काढता येत न्हाय, सर. चौतीस वर्षं काढली मी तहसीलमधी. बांधावरची बाभळ काढायची म्हटली तरी नोटीस निघती. ही तर जिती पोरगी हाय."

"गणपतराव, खेळात असं नसतं. ग्लव्ह लागला की आऊट."

"म्हंजे तुमीच बघणार, तुमीच ठरवणार आणि तुमीच शिक्षा देणार?"

"पंच त्यासाठीच असतो."

"हे रेकॉर्डवर घ्या," गणपतराव शेजारच्या कारकुनाला म्हणाले.

दादासाहेब उठले. फेटा सावरून म्हणाले, "एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगतो. नात माझी असली तरी मी यात पडणार न्हाय. पंचांचा निर्णय अंतिम. तो फक्त पद्धतशीर व्हावा, एवढंच म्हणणं हाय."

टाळ्या पडल्या. गुरुप्रसादनंही दोन वाजवल्या, कारण वाक्य ऐकायला चांगलं होतं.

दुपारी गणपतरावांनी त्याला नोटीस लिहून दिली. 'ज्याअर्थी आपण आज रोजी सकाळी ११.२० वाजता होम प्लेटच्या दिशेने आगमन केल्याचे निदर्शनास आले आहे, आणि ज्याअर्थी आपल्या उजव्या गुडघ्यास चेंडूयुक्त ग्लव्हचा स्पर्श झाल्याचे पंचांचे म्हणणे आहे, त्याअर्थी आपणास आऊट का देण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.' खाली गुरुप्रसादनं सही करायची होती. त्यानं केली. सात दिवसांनी का होईना, आऊट ते आऊट.

"तवर जैसे थे," गणपतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे जसं होतं तसं. वस्तुस्थितीत बदल चालायचा न्हाय."

तेजस्वीला परत आणून प्लेटपासून वीतभर अंतरावर आडवं करण्यात आलं. प्रियदर्शनीला तिच्या गुडघ्यावर ग्लव्ह ठेवून बसवण्यात आलं. दोघींभोवती फक्कीची रेघ मारली.

"आजोबा, मी आऊट हाय," तेजस्वी झोपल्या झोपल्या म्हणाली. "मीच सांगत्याय न्हवं?"

"बाळ अज्ञान हाय," गणपतराव म्हणाले. "अज्ञानाची कबुली चालत न्हाय. पालकांची सही लागती."

"मग आजोबांची घ्या की."

"त्यांचे हितसंबंध गुंतल्यात. ते सही करत न्हाईत. केवढा मोठा माणूस हाय बघ."

मुलींना कायमचं तिथं ठेवणं अमानुष ठरलं असतं, म्हणून 'जैसे थे' परिस्थिती कार्यालयीन वेळेत ठेवायचं ठरलं. पावणेदहा ते सव्वासहा, शनिवार-रविवार सुट्टी. प्रियदर्शनी रोज सकाळी गडहिंग्लजहून एसटीनं यायची, मस्टरवर सही करायची आणि ग्लव्ह गुडघ्यावर ठेवायची. ऊन लागू नये म्हणून होम प्लेटवर मांडव पडला. मांडवाचं उद्घाटन दादासाहेबांनी केलं, पण फीत कापताना प्लेटकडे बघितलं नाही, कारण ते यात पडणार नव्हते.

आठवड्यात दोघींची गट्टी जमली. एक झोपून भूमितीचं पुस्तक धरायची, दुसरी मोकळ्या हातानं पानं उलटायची.

"तुजी अव्वा आज काय दिलीया?" तेजस्वी विचारायची. गडहिंग्लजकडं आईला अव्वा म्हणतात.

"आमची अव्वा म्हंत्या, आऊट झालेलीला दोन भाकरी जास्त द्यायच्या. डबा उघड. माझा हात गुतलाय."

सातव्या दिवशी खुलासा आला. तो तेजस्वीनं नव्हे, तिच्या वतीनं वकिलांनी लिहिला होता आणि चौदा पानांचा होता. नवव्या पानावर एक साधा मुद्दा होता. या सामन्यात याआधी एकोणतीस वेळा आऊट देण्यात आलं, त्यांपैकी एकालाही नोटीस नव्हती.

गणपतराव दोन दिवस जेवले नाहीत असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी आदेश निघाला आणि सगळे आऊट पूर्वलक्षी प्रभावानं स्थगित झाले. दोन्ही शाळांच्या अठरा मुली आपापल्या बाद होण्याच्या जागी हजर झाल्या. पहिल्या बेसवर सात जणी मावेनात, म्हणून तिथं बाक टाकला. काही मुली दोनदा आऊट झाल्या होत्या. त्यांना एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहणं कायद्यानं आवश्यक होतं. त्यावर पार्किंगचा तोडगा निघाला. सम तारखेला पहिला बेस, विषम तारखेला दुसरा. जिचा झेल गेला होता त्या अवंतिकाचा प्रश्न जास्त अवघड होता, कारण 'जैसे थे'प्रमाणे तिचा चेंडू हवेत असायला हवा होता. तो बांबूला टांगला.

या सगळ्यात गुरुप्रसादची एक फाईल होती. सहा वर्षांनी त्याच्या कायम नेमणुकीचा आदेश टाईप झाला होता. गणपतरावांनी तो त्याला कपाटातून काढून दाखवला, वास घेऊ दिला आणि परत ठेवला.

"दादासाहेबांची सही तेवढी ऱ्हायलीया. एकतीस मार्चच्या आत झाली तर झाली, न्हाय तर कंत्राट संपतंय तुमचं. त्याचा याच्याशी काय संबंध न्हाय."

"मी कुठं म्हटलं संबंध आहे?"

"तुमी म्हटलं न्हाय, म्हणूनच मी सांगतोय की न्हाय म्हणून."

घरी श्यामलानं, त्याच्या बायकोनं, त्याच्यापुढं चहा ठेवला. "अवो, आऊटच्या जागी सेफ म्हणायला काय जातंय? शब्द त्यो बी इंग्रजी, ह्यो बी इंग्रजी."

"पण ग्लव्ह लागला, श्यामला."

"कुणाला? तुमाला लागला काय? तिला लागला, ती हसत्याय. तुमीच तेवढं विव्हळताय."

गुरुप्रसादनं चहाचा घोट घेतला. साखर नव्हती, तरी त्यानं कप संपवला.

फेब्रुवारीत तज्ज्ञाचं मत मागवलं. बेसबॉल जाणणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यावरच आरोप होता. म्हणून तालमीतले सयाजी वस्ताद आले. साठ वर्षं मातीत गेलेला माणूस. त्यांनी रेघेभोवती दोन फेऱ्या मारल्या, चिमूटभर माती उचलून हुंगली.

"पाठ टेकली व्हती काय?" त्यांनी विचारलं.

"यात पाठीचा संबंध नाही, वस्ताद," गुरुप्रसाद म्हणाला. "ग्लव्ह लागला की झालं."

"नुसता हात लागला की चितपट? मग बाजारात रोज हजार कुस्त्या निकाली निघतील, मास्तर." वस्तादांनी तेजस्वीकडे बघितलं. "आणि ही पळत कुटनं आली?"

"तिसऱ्या बेसवरनं."

"आणि ही दुसरी?"

"ती इथंच बसली होती."

"म्हंजे एक दमल्याली आणि एक बसून ऱ्हायल्याली. असली जोड कोण लावतंय?" त्यांनी लेखी मत दिलं की, लढत निकाली झालेली नाही, जोड चुकीची आहे, सबब दोघींना महिनाभर दूध-बदाम सुरू करून मग नव्याने बघावे. मंडळानं अहवाल स्वीकारला. प्रियदर्शनीचं वजन चार किलोनं वाढलं.

मग साक्षीदारांचा विषय निघाला. त्या दिवशी पोह्यांच्या रजिस्टरला सव्वातीनशे सह्या होत्या. सगळ्यांना बोलावलं. एकानंही घटना पाहिली नव्हती. चाळीस जणांकडे व्हिडिओ होते. त्यातले एकोणचाळीस दादासाहेबांच्या भाषणाचे होते. चाळिसाव्यात ऋतुराज नावाच्या पालकाचा स्वतःचा चेहरा होता आणि मागून "लागला की सर" असा आवाज येत होता. आवाज अज्ञान मुलीचा असल्यानं तो पुसून टाकण्यात आला.

एकतीस मार्चला शाळेच्या सभागृहात शेवटची सुनावणी झाली. हॉल भरला होता. टेबलावर एका बाजूला तेजस्वीची फाईल, दुसऱ्या बाजूला गुरुप्रसादचा आदेश, मध्ये टोपण काढलेलं पेन.

"सर," गणपतराव मवाळ आवाजात म्हणाले, "चार महिन्यांत माणसाला नीट आठवतं. सांगा बघू, आता काय वाटतंय?"

गुरुप्रसादनं पेनाकडे पाहिलं. मग खिडकीतून मांडवाकडे पाहिलं. तिथं दोघी मुली भूमिती सोडून गजगे खेळत होत्या.

"आऊट," तो म्हणाला.

दादासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. शाई वाळू नये म्हणून; त्याचाही याच्याशी काही संबंध नव्हता. मग ते उठले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बघा, असा ताठ माणूस आमच्या शाळेत हाय याचा मला अभिमान वाटतोय. पण एकाच्या म्हणण्यावर लोकशाहीत कसं चालंल? आपण सगळे तवा हजर होतो. ज्यांनी ज्यांनी ग्लव्ह लागल्याला बघितला, त्यांनी हात वर करावा. कुणावर दबाव न्हाय. मी प्रत्येकाकडं नीट बघणार हाय."

त्यांनी प्रत्येकाकडं नीट बघितलं. खिडकीबाहेर, मांडवात, दोन हात वर झाले. ते अज्ञान होते.

"ठराव सर्वानुमते," गणपतरावांनी लिहिलं. तेजस्वी सेफ, सामना बरोबरीत, दोन्ही संघ संयुक्त विजेते, पंचांचे आभार.

गुरुप्रसाद शिट्टी आणि हेल्मेट घेऊन बाहेर पडला. व्हरांड्यात ऋतुराज वाट बघत होता. त्यानं आजूबाजूला पाहून गुरुप्रसादचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"सर, तुमचंच बरोबर. मी सोता बघितलं, चांगला लागला ग्लव्ह. ठाम ऱ्हावा. तुमच्यासारख्या मानसांची गरज हाय समाजाला."

"मग हात का नाही वर केला?"

"करणारच होतो वो. खांदा धरलाय हिकडचा."

त्याच्यामागं कृष्णात नावाचे गणिताचे शिक्षक उभे होते. त्यांनीही बघितलं होतं, त्यांचाही खांदा धरला होता. त्यांच्यामागं पोहे करणाऱ्या आक्का, त्यांच्यामागं फोटोग्राफर. रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली होती. एकेक जण पुढं येई, हळू आवाजात गुरुप्रसादला शाबासकी देई आणि खांदा चोळत निघून जाई. सव्वातीनशे माणसांचा एकाच दिवशी उजवा खांदा जाण्याची ही घटना कुठल्याच दवाखान्यात नोंदली गेली नाही.

गुरुप्रसाद आता फक्त एमआयडीसीतले रविवारचे सामने बघतो. शिव्या खातो, चहा पितो. साक्षीदारांचं रजिस्टर मात्र नियमाप्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत शाळेच्या कार्यालयात उघडं आहे. ओळखपत्र आणावं आणि दादासाहेबांच्या समोर हात वर करून सही करावी, एवढंच. ग्लव्ह गुडघ्याला लागला, पाय प्लेटला अजून लागायचा होता, हे आता तुम्हालाही माहीत आहे.

तुमचा खांदा कसा आहे?