हिरव्या गाडीचा निळा दिवस

"नोंदणीच्या पुस्तकात गाडी निळी आहे," रम्फा मॅडम म्हणाल्या आणि परिवहन कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या पोपटी हिरव्या मोटारसायकलीभोवती त्यांनी एक फेरी मारली. "आणि ही?"

"स्टिकरचा कागद चढवलाय, मॅडम. तो नोंदवायलाच आलोय. सात दिवसांची मुदत आज संपते. ही दुकानाची पावती." प्रवेतच्या हातातली पावती घामाने भिजली होती.

घाम मुदतीचा नव्हता, बारा वाजण्याचा होता. बाजारातल्या मोटारसायकल टॅक्सीच्या स्टँडवर नऊ नंबरचं नारिंगी जाकीट रिकामं झालं होतं, कारण ते घालणारा म्हातारा भिक्खू व्हायला निघून गेला. जाकिटाशिवाय सवारी घेता येत नाही, आणि प्रवेत चार वर्षं त्याच्या यादीत पहिला होता. स्टँडचा प्रमुख फयाप याने निरोप धाडला होता: आज बाराच्या ठोक्याला गाडी आणि पुस्तक घेऊन ये, दोन्हींचा रंग एक पाहिजे, नाहीतर जाकीट यादीतल्या दुसऱ्या बुनसोंगला. मागे एकाने चोरीची गाडी आणली होती, तेव्हापासून फयाप रंगाच्या बाबतीत सासूपेक्षा कडक झाला होता.

आता निळी गाडी हिरवी का केली? तर प्रवेत रविवारचा. रविवारी जन्मलेल्याला निळा रंग वैरी आणि हिरवा लाभाचा, हे योम नदीच्या काठी शेंबडं पोरही सांगेल. चार वर्षं जाकीट मिळालं नाही ते त्या निळ्या गाडीमुळे, असा निकाल त्याची बायको लमदुआन हिने दिला होता.

मॅडमनी चेसिसचा नंबर पडताळला, पुस्तक काखेत मारलं. "अर्धा तास लागेल. पुढे अकरा जण आहेत."

"मॅडम, बाराला नाही पोचलो तर चार वर्षं पाण्यात!"

मॅडम आत गेल्या. इतक्यात फाटकातून लमदुआन आपल्या जुन्या लाल स्कूटरवरून अशी घुसली, की पहारेकऱ्याने पाय वर घेतले.

"अहो, तुम्ही शनिवारचे आहात!"

"काय?"

"आईंचा फोन होता. तुम्ही पहाटे चारला झालात. दिवस उगवल्यावर वार बदलतो ना? म्हणजे शनिवार! शनिवारवाल्याला हिरवा रंग म्हणजे साक्षात मरण. आणि निळा लाभाचा!"

"म्हणजे चार वर्षं मी लाभावरच बसलो होतो?"

"आणि गेल्या आठवड्यात पैसे देऊन तो झाकलात."

"तूच म्हणालीस ना!"

"मी रविवारच्या माणसाला म्हणाले होते." तिने पिशवीतून तयार स्टिकर काढला आणि गाडीच्या मागच्या भागावर चिकटवला. त्यावर ठळक लिहिलं होतं, 'ही गाडी निळी आहे'. असे स्टिकर तिकडे निम्म्या गाड्यांवर असतात. ग्रह रंग बघत नाहीत, वाचतात, अशी सर्वांची खात्री आहे.

खिडकीतून मॅडमचा आवाज आला. "अहो शनिवार! पुस्तकात निळी, डोळ्यांना हिरवी, आणि वर लिहिलंय निळी. मी शिक्का कशाचा मारू?"

"सरकारपुरती हिरवी मारा, मॅडम," लमदुआन म्हणाली. "ग्रहांपुरतं आम्ही बघतो."

"माझ्याही गाडीवर आहे स्टिकर. पण मी ती तपासणीला आणत नाही. काढा तो."

प्रवेतने स्टिकर ओढला. त्याच्याबरोबर तळहाताएवढा हिरवा कागद निघून आला आणि खालून जुना निळा रंग लख्ख चमकला. लमदुआनने हात जोडले.

"बघा, दैवच सांगतंय. सोला सगळं!"

"अगं, आत शिक्का मारतायत!"

"अजून मारला नाही ना? म्हणजे पुस्तकात निळीच. गाडी सोलली की दोन्ही निळे. नोंद नको, शिक्का नको, वर शनिवारचा लाभ!"

या बोलण्यात खोट काढायला प्रवेतला वेळ नव्हता. नवरा-बायको त्या गाडीवर तुटून पडले. उन्हाने कागद मऊ झाला होता. लांबच लांब पट्ट्या निघत, वाऱ्याने उडत आणि त्याच्या पाठीला चिकटत. टाकी झाली, मडगार्ड झालं. साडेअकराला गाडी अंगभर निळी झाली आणि प्रवेत खिडकीकडे धावला.

"थांबा मॅडम! शिक्का नको!"

मॅडम हसत होत्या. त्यांनी पुस्तक पुढे केलं. "अकरा जणांना बाजूला सारून तुमचं आधी केलं. चार वर्षं म्हणालात, मला राहवेना."

रंगाच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं होतं: हिरवा.

"परत निळा करून द्या ना," प्रवेतने गयावया केली.

"नवा अर्ज, नवी तपासणी. आणि कागद सोलल्याची पावती."

"सोलला तर आम्हीच!"

"मग तुम्ही मला पावती द्या. जेवणाच्या सुट्टीनंतर."

बाराला तीन मिनिटं कमी असताना दोन्ही गाड्या स्टँडवर पोचल्या. बाकावर बुनसोंग भांग पाडून बसला होता. फयापने पुस्तक उघडलं, गाडी पाहिली, पुन्हा पुस्तक पाहिलं.

"हे हिरवं आणि ही निळी. प्रवेत, मी तुला वडिलांसारखा, पण माझे डोळे अजून शाबूत आहेत रे."

"काका, मी समजावून सांगतो..."

"पोलिसाला सांगशील? ही गाडी इथून एक पाऊल हलवायची नाही. पकडली तर सगळा स्टँड चौकीत." त्याने जाकीट उचललं. बुनसोंग उठून उभा राहिला.

"काका," लमदुआन म्हणाली, "यादीत नाव काय लिहिलंय? बुनमी. ते आमचं आडनाव. कुठल्या बुनमीचं, ते कुठे लिहिलंय?" आणि तिने पर्समधून आपलं पुस्तक नि लायसन्स काढून बाकावर ठेवलं. पुस्तकात लाल होतं. स्कूटर लाल होती.

फयापने घड्याळ पाहिलं. बाराला एक मिनिट कमी होतं. यादी पाहिली, स्कूटर पाहिली, आणि जाकीट तिच्या हातात दिलं. मग पेन्सिल ओली करून बुनसोंगच्या नावाखाली लिहिलं: प्रवेत.

ती जाकिटाची चेन लावते न लावते तोच कोंबड्यांची टोपली घेऊन एक आजी मागे बसली आणि दोघी धुरळा उडवत गेल्या. वीस मिनिटांनी लमदुआन परतली, तेव्हा प्रवेत उन्हात उभा होता, पाठीवर हिरव्या पट्ट्या फडफडत होत्या.

"घरी सोड गं मला. डोकं फिरलंय."

"सूनबाई," बाकावरून फयापने हटकलं, "फुकट सवारी नाही. स्टँडचा नियम आहे."

लमदुआनने मान डोलावली. हेल्मेट सारखं केलं, हँडलवर हात ठेवले आणि परक्या माणसाकडे बघावं तसं नवऱ्याकडे बघून विचारलं,

"बोला, कुठं जायचंय?"