दाताच्या दवाखान्यातली लाट

"प्रदर्शन माझ्या दुकानात! हॉल शोधायची भानगडच नको!" मामांनी छाती ठोकून जाहीर केलं आणि मातीची भांडी घडवणाऱ्या भाचीने कपाळाला हात लावला.

कारण मामांचं दुकान होतं संडास-बेसिनचं!

"अगं, तू माती भाजतेस, मी भाजलेली माती विकतो. घराणं एकच!"

"मामा, माझी भांडी वापरायची नसतात. भांडं कामातून सुटलं, तेव्हा कुठे ते चित्र-शिल्पांच्या पंगतीला बसलं."

"बसणारच! भाची कुणाची?"

तिची 'लाट' नावाची कलाकृती खरंच बघत राहावी अशी होती. कवेत मावेल एवढी, पांढरीशुभ्र, काठ मुडपलेला, पोटात निळी झिलई. दोनदा भट्टीत तडकली, तिसऱ्यांदा साधली. आता संग्रहालयाच्या बाई ती बघायला येणार होत्या. पसंत पडली तर थेट संग्रहालयात!

मामांनी सकाळीच दुकान उघडलं. दारात दातांच्या डॉक्टरांचं बेसिन पडलं होतं. ते उचलून त्यांनी आत टाकलं आणि तिथे ऐटीत 'लाट' मांडली. मग हार आणायला बाजारात गेले. वाटेत फिटरचा फोन आला.

"शेठ, डॉक्टरांचं बेसिन कुठंय?"

"दारातच आहे! ने आणि बसवून टाक!"

मामा हार घेऊन परतले, तर भाची दारात पुतळ्यासारखी उभी. शेजारी संग्रहालयाच्या बाई.

"मामा, लाट?"

मामांनी रिकामं दार पाहिलं, आतलं बेसिन पाहिलं आणि टेम्पोकडे धाव घेतली. "अरे देवा! फिटर!"

तिघं टेम्पोतून दवाखान्यात धडकली. एक आजोबा 'लाटे'त मनसोक्त चूळ भरत होते! वर चकचकीत नळ, तळाला गोल भोक. फिटर घाम पुसत म्हणाला, "माल लई कडक, शेठ! भोक पाडताना हात भरून आले!"

मामांना धरणी दुभंगावी असं झालं. भाची मात्र वाकून बघत राहिली. पाणी गोल फिरत निळ्यात उतरत होतं.

"पाण्यात अशी दिसते होय?" ती पुटपुटली.

"परत मागू नका हं!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "ही बसवल्यापासून पेशंट आपणहून तोंड उघडताहेत!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "आमच्यासाठी दुसरी कराल? बिनभोकाची?"

"करते की! आणि डॉक्टर, ही राहू दे. पण काठावरची माझी सही झाकायची नाही."

मामांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. दुसरी 'लाट' पुढे संग्रहालयात गेली, पण मामांचा जीव पहिलीतच. दवाखान्यात नुसतं बघायला कोण घेणार? म्हणून ते चांगले दात घेऊन तपासायला जातात. खुर्चीत बसतात, शेजारच्याला अभिमानाने सांगायला वळतात, "ही माझ्या भाचीची—"

"आ करा!" डॉक्टर म्हणतात, आणि पुढचं सगळं "आ आ आ" एवढंच ऐकू येतं!