हात लावा, इतिहास जाणा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेला परिपत्रक आलं. सहावीच्या मुलांना हडप्पा संस्कृती यापुढे शिकवायची नव्हती, हाताळायला द्यायची होती. अभियानाचं नाव 'हात लावा, इतिहास जाणा'. पुस्तकातून शिकवलेला इतिहास पाठ होतो आणि पाठ झालेला विसरला जातो. सबब प्रत्येक शाळेने मैदानात खड्डा खणून त्यात प्राचीन वाटतील अशा वस्तू पुरून ठेवाव्यात, त्या विद्यार्थ्यांकडून शोधून घ्याव्यात आणि फोटो पोर्टलवर चढवावेत, असा आदेश होता. मुदत शनिवारपर्यंत होती. परिपत्रक शुक्रवारी मिळालं.

उज्ज्वला राठोड त्या शाळेत इतिहास शिकवायची, गणितही शिकवायची, आणि बुधवारी चित्रकला. तिच्या मुलांनी चिखलाच्या मुद्रा केल्या, त्यांवर बैल कोरले. लखनच्या बैलाच्या कानात सरकारी बिल्ला होता, कारण त्याच्या घरच्या बैलाच्या कानात तो आहे. मुद्रा पुरल्या, काढल्या, फोटो चढवले. दहा मिनिटांत पोर्टलचं उत्तर आलं: 'वस्तू पुरेशी प्राचीन नाही.'

मुख्याध्यापक लखीराम सर घाम पुसत आले. "मॅडम, काही तरी जुनं टाका ना बाप्पा खड्ड्यात! एका फोटोपुरतं. आपली शाळा लाल रंगात दिसून राह्यली."

जुनं म्हणावं असं उज्ज्वलाच्या पर्समध्ये एकच होतं. तिची आई हंसाबाई गेल्या आषाढात गेली. कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांची चळत घालणाऱ्या, तांड्यावरच्या शेवटच्या काही बायांपैकी ती एक. बाकीच्या बांगड्या तिच्यासोबत गेल्या. एक तेवढी मागे राहिली, कारण तिला तडा गेला होता आणि उज्ज्वलाच्या बानं, प्रेमसिंगनं, ती निळ्या धाग्यानं बांधून दाराआडच्या खिळ्याला टांगली होती. पुस्तकातल्या मोहेंजोदडोच्या नर्तिकेचा हात असाच बांगड्यांनी भरलेला आहे, तो मुलांना कळावा म्हणून उज्ज्वलानं ती सकाळी शाळेत आणली होती.

"कायले नेतं वं?" बानं विचारलं होतं.

"पोराईले दाखवाले. सांजीले आणतो."

वर्गात बांगडी पाहून उर्वशी ओरडलीच होती, "मॅडम, पुस्तकातली बाई तं आमच्या आजीसारखी हाय!" इतिहासाचा तास त्या वाक्यालाच संपला होता, पण वाक्य चढवायची सोय पोर्टलवर नव्हती.

बांगडी खड्ड्यात गेली. पाच मिनिटं राहिली. उर्वशीनं ती रंगाच्या ब्रशनं झाडत बाहेर काढली, फोटो झाला, आणि पोर्टलनं शाळेला हिरव्या रंगात घेतलं. आता माहिती भरायची होती. 'कृती' या रकान्यात 'उत्खनन' हा शब्द आधीच छापलेला होता. 'वस्तूचा काळ' या रकान्यात निवडायला पाच पर्याय होते, त्यांतला सर्वांत अलीकडचा इसवी सन पूर्व पंधराशे. उज्ज्वला प्रामाणिक होती. तिनं सर्वांत अलीकडचा निवडला.

इथे एक शब्द आडवा आला. इतिहासाच्या पुस्तकात उत्खनन म्हणजे मोहेंजोदडो. महसुलात उत्खनन म्हणजे मुरूम, रेती, गिट्टी, आणि ते विनापरवाना असतं. पोर्टलनं तो शब्द पाहिला आणि आपलं कर्तव्य केलं. अर्ध्या तासात तलाठी आले. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. त्यांची अर्धी नोकरी वणीकडे, कोळशाच्या खाणींच्या मुलखात झालेली. तिकडे नुसता खड्डा म्हणून खड्डा कोणी खणत नाही.

"मुरूम कुठं टाकला?"

"मुरूम नाही हो. हडप्पा आहे."

"गाडी कोणाची होती?"

"सहावीची मुलं होती."

तलाठ्यांनी खड्डा मोजला. अडीच फूट निघाला. मग पंचनामा लिहिला: उत्खनन आढळले, गौण खनिज आढळले नाही, सबब उत्खननातून निघालेली वस्तू जप्त.

"अहो, ती माझ्या आईची आहे!"

"मले समजते, मॅडम." तलाठी खरंच मवाळ माणूस होते. "पण पंचनाम्यात आई हा रकानाच नाही."

त्या संध्याकाळी प्रेमसिंगनं विचारलं, "आणली का वं?"

"उद्या आणतो, बा."

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. छत्री टांगायला हात वर गेला होता, तो खाली आला. छत्री जमिनीवर ठेवली.

सोमवारी उज्ज्वला तालुक्याच्या कार्यालयात गेली. टेबलाशी तिथल्या कारकून विमलताई होत्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मालकीचा पुरावा मागितला. उज्ज्वलानं आईचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि बांगड्या घातलेला फोटो पुढे केला. विमलताईंनी तिन्ही कागद शेजारी मांडून बराच वेळ पाहिले.

"अडचण हाय, बाई. वस्तू साडेतीन हजार वर्षांची. आई रेशन कार्डात एकसष्ट वर्षांच्या."

"बांगडी साडेतीन हजार वर्षांची नाहीच."

"तुम्हीच भरलं नं?"

"मग रद्द करा. अहवाल खोटा होता असं लिहून देते. काय कारवाई करायची ती करा."

विमलताईंनी पोर्टल उघडून मनापासून शोधलं. "खोटा अहवाल नाही भरता येत. म्हणजे भरता येतो, खोटा हाय म्हणून सांगता येत नाही. असं करा, वारसाचा अर्ज द्या."

वारसाच्या अर्जात पहिला रकाना होता 'मयताचे नाव'. वस्तू ज्या संस्कृतीची, मयत तीच, असं वरून कळवण्यात आलं. उज्ज्वलानं 'हडप्पा संस्कृती' लिहिलं. मयताशी नातं: मुलगी. अर्ज सात दिवसांनी परत आला. इतर वारसांची ना-हरकत जोडलेली नव्हती.

"इतर वारस म्हणजे?"

"सगळेच की, बाई," विमलताई हळूच म्हणाल्या. "सारा देश."

तोवर बांगडी तज्ज्ञ समितीकडे गेली होती. समितीनं तिची कसून तपासणी केली आणि ती प्लॅस्टिकची असल्याचं शोधून काढलं. उज्ज्वलाला हायसं वाटलं. हंसाबाईनं ती यवतमाळच्या बाजारात, दुकानदाराला भंडावून घेतली होती; आता ते सरकारी कागदावर येणार होतं. पण समितीपुढे दोन गोष्टी होत्या. काळ पोर्टलवर नोंदलेला, म्हणून निर्विवाद. प्लॅस्टिक प्रयोगशाळेत सिद्ध, म्हणून निर्विवाद. दोन निर्विवाद गोष्टींची बेरीज समितीनं एकमतानं केली: इसवी सन पूर्व पंधराशेमध्ये आपल्याकडे प्लॅस्टिक होते. पाश्चात्त्यांनी ते नंतर नेले.

त्यावर तीन व्याख्यानं झाली. प्लॅस्टिकबंदीच्या फेरीत घोषणा देणाऱ्या एका संस्थेनं 'आद्य प्लॅस्टिक गौरव समिती' काढली. शाळेला ढाल मिळाली. लखीराम सर ती कुठे ठेवावी म्हणून आठ दिवस हैराण होते.

दिवाळीनंतर जिल्ह्याच्या गावी प्रदर्शन भरलं. शाळांच्या सहली सक्तीच्या होत्या. उज्ज्वलानं मुलांबरोबर प्रेमसिंगनाही नेलं. पांढरं धोतर, नवा फेटा. कोणाला भेटायला जावं तसे ते निघाले होते.

मधोमध काचेची पेटी, आत मखमल, वर दिवा. उर्वशीनं काचेकडे बोट नेलं आणि रखवालदार खेकसला, "ए पोरी! हात लावू नको!"

"पण वर तं लिवलं हाय, हात लावा," उर्वशी म्हणाली. खरोखरच वर अभियानाचा फलक होता.

प्रेमसिंग काचेला नाक टेकवून बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "धागा काहून काढला?"

माहिती देणारा मुलगा अदबीनं पुढे आला. "तो निळा ना, आजोबा? तो नंतरचा होता. अस्सल नव्हता. समितीनं काढायला लावला."

"हाव," प्रेमसिंग म्हणाले. "नंतरचाच होता. म्याच बांधला होता."

मागे रांग खोळंबली होती. रांगेत चांगली शिकलेली माणसं होती. "आजोबा, सरका ना जरा," कोणीतरी सौजन्यानं म्हणालं, "आम्हालाही आपला इतिहास बघू द्या."

तिथे काढलेला फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. खाली लिहिलं होतं, 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.' मूळ फोटोत काचेवर एका फेटेवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा उमटला होता. बांगडी नीट दिसत नव्हती, म्हणून पुढे पाठवण्याआधी तुम्ही तेवढा भाग कापलात.