अप्पांच्या माळ्याचं तोंड

आमच्या शेजारच्या मल्लूअप्पांकडं कुणीही गेलं, की चहाच्या आधी टोपी काढावी लागती. मग मधल्या खोलीत, माळ्याच्या चौकोनी तोंडाखाली उभं राहायचं. अप्पा विचारणार, "टाळूला झळ लागती का? खरं सांगा. टाळू खोटं बोलत न्हाय."

दूधवाला उभा राहिला, गॅसवाला टाकी खांद्यावर घेऊन उभा राहिला. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे तर सहकुटुंब उभे राहिले.

वर पत्रा, सोलापूरचा एप्रिल, आणि माळ्यावरची सगळी धग त्या तोंडातनं खाली. अप्पांची शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. पण अकलूजहून तिच्या सासूबाईंचा निरोप आला, "आधी घर बघते. भट्टीत काय पोरगी पाठवायची न्हाय."

झालं! टॉवेलच्या कारखान्यातनं रिटायर झालेला माणूस पुन्हा कामाला लागला. माळ्याच्या तोंडाला फळीचं झाकण केलं. त्यावर थर्माकोल. त्यावर दोन चादरी गोधडीसारख्या शिवून. कडेनं सायकलची ट्यूब कापून लावली. बसून जेवायचे नाहीत, हातात भाकरी अन् नजर वर. मी त्यांची नक्कल करून अख्खी गल्ली हसवायचो. "ए नकल्या," ते म्हणायचे, "दात काढू नको, टाळू दे हिकडं."

शेवटी "अजून बारीक झळ येती की" म्हणून त्यांनी चारी कडा डिंकानं चिकटवून टाकल्या.

रविवारी विहीणबाई आल्या. अप्पांनी त्यांना बरोबर झाकणाखाली आणलं आणि तिथंच अडकले. विहिणीला डोक्यावरचा पदर काढा कसं म्हणायचं? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"मला तर झळबिळ काय कळंना बाई," विहीणबाई म्हणाल्या. "पाळणा कुटं हाय?"

अप्पांची मान हळूहळू वर गेली. पाळणा माळ्यावर!

महिन्याभराचं काम अप्पांनी स्वतःच्या हातानं सुरीनं कापलं. झाकण निघालं आणि तव्यावरची वाफ यावी तशी धग खाली कोसळली. विहीणबाई पदरासकट दोन पावलं मागं सरल्या.

"अगं बाई! एवढं दाबून धरलं हुतं व्हय तुमी?" मग पदर सावरत, "पुन्ना बसवाल न्हवं?"

"सांजच्याला. आता बिजागरी लावून."

"मग सोमवारी घिऊन जावा पोरीला."

त्या गेल्यावर मी अप्पांच्या आवाजात ओरडलो, "टाळू खोटं बोलत न्हाय!" अप्पा हसले नाहीत. पाळण्यातली धूळ पुसत होते.

"माजी टाळू राठ झाली रं," म्हणाले. "म्हनून तुमाला उबं करतो. बाळाची लई मऊ आसती. त्याला सांगता कुटं येतंय? शोभाची आई आसती तर तिला कळलं आसतं."

संध्याकाळी झाकण बसलं. मी न सांगता खाली उभा राहिलो. झळ नव्हती. तसं अप्पांना सांगितलंही.

तरी त्यांनी पाळणा झाकणापासून दोन हात लांबच टांगला.