महादेवआप्पांना सातवा महिना

येळ्ळूरच्या महादेवआप्पांना सातवा महिना लागल्याची बातमी मोबाईलनं दिली. ‘अभिनंदन! जड ओझी उचलू नका.’ संदेश कानडीत होता, त्यामुळं आपलाच अर्थ चुकला असेल असं समजून आप्पांनी मोबाईल खिशात टाकला.

घरात मोठा मोबाईल एकच. आप्पांचा हर्निया आणि सून तेजस्वीचं गरोदरपण, दोन्हींची दवाखान्यातली नोंद त्याच नंबरावर झाली होती. नोंदवणाऱ्यानं घाईत दोघांची अदलाबदल केली होती, एवढंच.

दोघं तपासणीसाठी बेळगावच्या दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसानं नंबर टाकला आणि म्हणाला, “आप्पा, तुमी गरोदर बायकांच्या रांगंत. आक्का, तुमी हर्नियाच्या.”

“सायेब, पोट कुणाचं हाय बगा की!”

“मला दिसतंय हो. कंप्युटरला न्हाय दिसत.”

“मग बदला.”

“त्याला ॲपवर अर्ज लागतोय.”

बायकांकडं बाकं होती, पंखा होता. एकीनं सरकून आप्पांना जागा दिली. काचेपलीकडं, हर्नियाच्या लांबलचक रांगेत, तेजस्वी उभी होती. तिचे पाय सुजले होते, सकाळपासून डोकं ठणकत होतं. बघता बघता ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून खाली बसली. पंख्याखाली आप्पांना दरदरून घाम फुटला.

नाव पुकारायची वाट न बघता ते आत घुसले. “बाई, सातवा म्हयना माजा हाय, पर प्वार भाईर रांगंत बसलंय! तिला आदी बगा!”

डॉक्टरबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. मग उठून धावल्या. तेजस्वीचं ब्लडप्रेशर भलतंच चढलं होतं. तिला तिथल्या तिथं दाखल करून घेतलं. संध्याकाळी बाई म्हणाल्या, “आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.” आप्पा कोपऱ्यात जाऊन उपरण्यानं डोळे पुसून आले.

तेजस्वी सुखरूप घरी आली. आप्पांनी शिकलेला माणूस गाठून ॲपवर अर्ज टाकला. बऱ्याच दिवसांनी दुरुस्ती झाल्याचं कळलं, तसे ते पोट सावरत खिडकीवर हजर झाले.

“आता सगळं बरोबर हाय, आप्पा. गरोदरपण सूनबाईंच्या नावावर चढलं.”

“आन् माजा हर्निया?”

त्या माणसानं कंप्युटरचा पडदा वरखाली करून पाहिला. हर्निया कुणाच्याच नावावर नव्हता.

“अभिनंदन, आप्पा,” तो हसून म्हणाला, “बरा झालासा तुमी!”